वही इमारतीबाहेर जात नाही

उस्ताद इद्रिस चहाचा कप कधीच कानाला धरून उचलत नसत. दोन्ही हात कपाच्या पोटाशी न्यायचे, एक तळवा खाली, एक बाजूला, आणि मगच कप बशीतून वर यायचा. चहा कितीही गरम असो. पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा मेधाला, म्हणजे माझ्या बायकोला, वाटलं की त्यांना थंडी वाजतेय. ती एसी बंद करायला उठली.

"नाही नाही वहिनी," ते म्हणाले. "कान सगळ्यात आधी तुटतो. तो नंतर चिकटवलेला असतो ना. कानावर भरवसा ठेवायचा नाही."

आमची ईरा तेव्हा अकरा वर्षांची होती. तिनं पुढचे आठ दिवस दुधाचा पेला दोन्ही हातांनी उचलला. पेल्याला मुळात कान नव्हताच, पण हौसेला मोल नसतं.

मी कतारमध्ये हमद पोर्टजवळच्या एका कंपनीत डॉक्युमेंटेशन बघतो. म्हणजे बोटीनं आलेल्या मालाचे कागद. माल मी कधी बघत नाही, फक्त कागद बघतो, आणि अल सद्दमधल्या आमच्या घरून रोज चाळीस-पंचेचाळीस मिनिटं गाडी हाकत तेवढ्यासाठी जातो. उस्ताद आमच्या वेअरहाऊसमध्ये रिसिव्हिंग क्लार्क म्हणून लागले. कंटेनरमधून खोकी उतरली की मोजायची आणि फॉर्मवर टिक करायची, एवढं काम. वय साठीच्या आसपास, उंच, काटक, कंपनीच्या निळ्या शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं. भाच्यानं खटपट करून ही नोकरी मिळवून दिली होती. बायको आणि मुलगी कैरोत. सुदानमध्ये शिकल्यासवरल्या माणसाला उस्ताद म्हणतात, म्हणून त्यांचे गाववाले त्यांना उस्ताद म्हणायचे. आमचा फिलिपिनो फोर्कलिफ्टवाला हेच त्यांचं नाव समजायचा.

लढाई सुरू होण्याआधी सव्वीस वर्षं ते सुदानमधल्या एका शहराच्या म्युझियमचे प्रमुख होते. प्रमुख, कारकून, झाडूवाले, सगळं तेच. शहराचं नाव ते घेत नसत. 'आमचं शहर' एवढंच म्हणायचे. मला नाव माहीत आहे, पण त्यांनी घेतलं नाही ते मी इथे लिहिणार नाही.

आमची गट्टी जमली ती पुण्यामुळे. तरुणपणी ते चार वर्षं पुण्यात शिकले होते, आणि खाणावळवाल्या काकूंकडून मराठी उचलली होती. मी नाशिकचा आहे कळल्यावर त्यांनी माझ्याकडे जरा दयेनं पाहिलं, यावरून ते खरंच पुण्यात राहिले होते याची मला खात्री पटली. मला 'भाऊ' म्हणायचे. त्यांचं बोलणं म्हणजे हिंदी, इंग्रजी, मधूनच अरबी, आणि त्याला पुणेरी फोडणी. मी ते इथे सरळ मराठीत लिहितोय.

पुण्यात त्यांना एक गुरू भेटले होते. प्राध्यापक नव्हेत. एका जुन्या संग्रहाची कोठी सांभाळणारे, धोतर-टोपीतले एक गृहस्थ. वस्तू कशी धरायची, तिच्यावर क्रमांक कुठे घालायचा, नोंदवही कशी लिहायची, हे सगळं उस्तादांना त्या माणसानं शिकवलं. 'नोंद' हा शब्दही त्यांचाच. ऑफिसात कोणी काही कंडी पिकवली, याची बदली होणार, त्याचा व्हिसा अडकला, की उस्ताद विचारायचे, "नोंद आहे का?" नाही म्हटलं की ते आपल्या खोक्यांकडे वळायचे.

आणि ती खोकी! आमच्या फॉर्मवर दोनच चौकटी: माल चांगला, माल खराब. उस्ताद टिक करायचे आणि मग फॉर्म उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूला बारीक सुबक अक्षरात लिहायचे: 'खोकं क्रमांक नऊ. डावा खालचा कोपरा दबलेला. दाब जुना, आजचा नाही. वरची पट्टी एकदा काढून पुन्हा लावलेली.' आमचा सुपरवायझर जोसेफ केरळचा, माणूस वाईट नाही, पण त्याच्या मागे दारात तीन ट्रक हॉर्न वाजवत उभे असायचे.

"उस्ताद, ये म्युझियम नहीं है! एसी का पार्ट है. टिक करो, खलास!"

"टिक केलं," उस्ताद शांतपणे म्हणायचे. "पण मी जे पाहिलं ते कुठे लिहू?"

ते सगळे फॉर्म शेवटी माझ्याकडे फायलिंगला यायचे. बाथरूमच्या टाइल्सच्या एका कंटेनरचं तर संपूर्ण चरित्रच माझ्या कपाटात आहे.

एकदा सुट्टीच्या दिवशी ईराला घेऊन आम्ही दोह्यातलं मोठं म्युझियम बघायला गेलो. उस्तादांना बरोबर घेतलं. मला वाटलं, जाणकार माणूस आहे, मुलीला चार गोष्टी सांगेल. त्यांनी एकही वस्तू समोरून पाहिली नाही. प्रत्येक काचेशी जायचे, गुडघ्यावर बसायचे आणि मान वाकडी करून खालून बघायचे. लोक आम्हाला वळसा घालून जाऊ लागले. शेवटी एका रांजणाच्या बुडाशी त्यांना हवं ते दिसलं.

"आहे! नंबर आहे!" ते एवढ्या जोरात म्हणाले, की तिथली राखण करणारी मुलगी धावत आली.

मग त्यांनी ईराला नंबर कसा घालतात ते सांगितलं. आधी वार्निशचा एक पातळ थर, त्यावर काळ्या शाईनं आकडा, त्यावर पुन्हा वार्निश. जागा अशी निवडायची की बघणाऱ्याला दिसू नये, शोधणाऱ्याला सापडावी.

"बट व्हाय नॉट जस्ट अ स्टिकर, उस्ताद अंकल?" ईरानं विचारलं. ती मराठी सगळं समजते, बोलायची वेळ आली की शाळेची भाषा.

"स्टिकर निघतो बेटा. मग ती वस्तू कोणाचीच राहत नाही."

सगळ्यात जास्त वेळ ते एका रिकाम्या पेटीपुढे उभे राहिले. आतली वस्तू डागडुजीसाठी काढली आहे, अशी चिठ्ठी होती. मी दोनदा चला म्हटलं.

त्या दिवशी परतताना, कॉर्निशच्या समुद्रकाठच्या रस्त्यावर गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली असताना, त्यांनी मला त्यांच्या म्युझियमची गोष्ट सांगितली. दोन खोल्या आणि एक व्हरांडा. राजे-महाराजांचं काही नाही. सुंभाच्या खाटेचे कोरलेले पाय, उंटाच्या गळ्यातल्या घंटा, मुलं ज्यावर अक्षरं गिरवायची त्या लाकडी पाट्या, जमिनीतून निघालेली काळ्या कडेची वाडगी. लोकच आणून द्यायचे. एक म्हातारी दर वर्षी येऊन आपल्या आजीनं घडवलेलं मडकं बघून जायची. ते व्यवस्थित आहे ना, याची तपासणी करायची आणि जराशी धूळ दिसली तरी रागवायची. एकदा एका व्यापाऱ्यानं दगडाची सुंदर मूर्ती आणली. कुठून आणली ते सांगेना. वरून मोठ्या साहेबांचा फोन आला, घेऊन टाका. उस्तादांनी घेतली नाही.

"तशी मूर्ती आमच्याकडे दुसरी नव्हती, भाऊ. पण एक खोटी नोंद घेतली की मागच्या-पुढच्या सगळ्या नोंदींवर संशय येतो. वहीच गेली मग."

नोंदवहीचे तीन जाड खंड होते. त्यांच्या आधीच्या प्रमुखानं सुरू केलेले, त्यांनी पुढे नेलेले. प्रत्येक वस्तूचा क्रमांक, माप, कोणी दिली, कशी आहे. आणि त्या वहीचा एक नियम होता, पुण्याच्या त्या कोठीवाल्यांनी शिकवलेला: वही इमारतीबाहेर जात नाही. घरी न्यायची नाही, साहेबांना पाठवायची नाही, कोणाला बघायची असेल तर त्यानं इथे यावं. पुण्यात शिकलेला नियम जन्मभर पुरतो, असं मी तेव्हा हसून म्हणालो. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

लढाई शहरात शिरली त्या दिवशी पहारेकरी आधीच निघून गेला होता. उस्तादांनी जमेल तेवढ्या वस्तू घोंगड्यांत गुंडाळून आतल्या खोलीत सरकवल्या. पुलाकडून गोळीबार ऐकू येत होता. मग त्यांनी वहीचे तिन्ही खंड उचलले, छातीशी धरले आणि दारापर्यंत आले.

"आणि?"

"आणि परत गेलो. कपाटात ठेवले. कुलूप लावलं. मला वाटलं, आठ दिवसांनी येऊच."

मी त्यांच्याकडे बघितलं. पुढची गाडी सरकली होती, मागचा हॉर्न वाजवत होता.

"सव्वीस वर्षांत वही कधी दाराबाहेर गेली नव्हती," ते म्हणाले. "पाय पडेना माझा."

दोन महिन्यांनी शेजाऱ्यानं फोनवर काढलेला व्हिडिओ आला. वस्तू ट्रकांतून गेल्या होत्या. घोंगड्यांसकट. वही मात्र कोणी नेली नव्हती. तिची पानं फाडून खोलीच्या मधोमध चूल पेटवली होती आणि चहा केला होता. भांडं तसंच पडलं होतं राखेत. फोटो होते ते कॉम्प्युटरमध्ये, कॉम्प्युटर गेला. वहीची एक नक्कल राजधानीतल्या कचेरीत होती. ती कचेरीही गेली.

मला त्या धोतर-टोपीवाल्या पुणेकराचा एवढा संताप आला, की तो माणूस समोर असता तर मी वयाचा मान ठेवला नसता. उस्तादांना मात्र त्याचा राग नव्हता. नियम बरोबरच होता, असं ते म्हणाले.

त्यानंतर काही दिवसांनी त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीचा निरोप आला. ती आता युरोपात होती. लढाईत गेलेल्या वस्तूंची यादी करायला तिकडे एक समिती बसली होती. यादी दिली तर उद्या एखादी वस्तू कुठे विक्रीला आली, ती अडवता येईल. यादी नाही तर हक्क नाही. सहा महिन्यांची मुदत.

"भाऊ, तुझं टायपिंग चांगलं आहे," उस्ताद मला म्हणाले. "मी आठवतो, तू लिही."

असे आमचे सुट्टीचे शुक्रवार सुरू झाले. सकाळी नऊला पांढरी स्वच्छ पायघोळ जलाबिया आणि पागोटं अशा थाटात ते दारात हजर. आधी पोहे, मग चहा, मग काम, आणि दुपारच्या नमाजाला कोपऱ्यावरच्या मशिदीत. काम कसं चालायचं ते सांगायला हवं, कारण तसं काम मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. ते सोफ्यावर बसायचे, डोळे मिटायचे आणि दोन्ही हात पुढे धरायचे. थोड्या वेळानं हात आपोआप जवळ यायचे, बोटं वळायची, आणि तिथे हवेत एक वस्तू असायची. वाडगं, घंटा, खाटेचा पाय. मेधा शिवणाची टेप घेऊन पुढे व्हायची आणि त्यांच्या हातांमधलं अंतर मोजायची. उंची. मग हात थोडे फिरायचे. रुंदी. मी टाइप करायचो.

"मातीचा दिवा," ते डोळे मिटून सांगायचे. "भाजलेला. वात ठेवायच्या जागी काजळी. बुडाशी कुंभाराच्या अंगठ्याचा ठसा, अर्धवट. नदीकाठच्या शेतात नांगराला लागला. क्रमांक एकशे सात."

ते सांगत असले की खोलीत आवाज करायची कोणाची छाती नव्हती. ईरासुद्धा हेडफोन काढून बसायची. मेधा म्हणायची, की टेप धरताना तिला बोटांना वस्तू लागेल अशी भीती वाटते. दोह्यात आम्ही बारा वर्षं आहोत. एवढे चांगले शुक्रवार मला दुसरे आठवत नाहीत.

त्यातल्याच एका शुक्रवारी मेधानं त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. तांब्याचाच तांब्या, तिच्या लग्नात तिच्या मामांनी दिलेला. नाशिकहून सामान येताना पडून त्याला सुपारीएवढा पोचा आलाय. उस्तादांनी तो दोन्ही हातांत घेतला आणि त्यांचा अंगठा गळ्याभोवतीच्या अक्षरांवर थांबला. भांड्यांवर ठिपक्यांनी नाव घालायची आपली पद्धत त्यांना पुण्यातल्या खाणावळीतून अंधुक आठवत होती, पण काय लिहितात ते कोणी सांगितलं नव्हतं. मी वाचून दाखवलं. कोणाला, कोणाकडून, कधी, कशानिमित्त.

"वहिनी!" ते उभेच राहिले. "देणारा, घेणारा, तारीख! तुम्ही लोक घराघरात नोंदवही ठेवता आणि मला कोणी बोललं नाही!"

मग त्यांनी आमच्या स्वयंपाकघरातलं एकूण एक भांडं उलटं करून पाहिलं. डबे, ताटं, गंज. ज्यावर नाव नव्हतं त्या नॉनस्टिक तव्याकडे त्यांनी फार वाईट नजरेनं बघितलं. आम्ही पोट धरून हसलो. तो तांब्या मात्र त्यांनी परत हातात घेतला, बराच वेळ फिरवून पाहिला आणि मग खाली ठेवला.

चार महिने झाले. चारशे अकरा नोंदी झाल्या. एका शुक्रवारी ते बसले, डोळे मिटले, हात पुढे आले.

"पाण्याचं भांडं. तांबं. गळा आखूड, पोट गोल. गळ्याभोवती ठिपक्यांची अक्षरं. एका बाजूला पोचा, सुपारी बसेल एवढा. देणारा... थांबा." त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "लग्नातली भेट. मुलीच्या मामांनी दिलेली. ती मुलगी नंतर म्हातारपणी आमच्याकडे घेऊन आली. चारशे बारा."

मेधाची टेप त्यांच्या हातांच्या मधोमध थांबली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी टाइप करत राहिलो, कारण काय करावं ते सुचेना. उस्तादांनी डोळे उघडले. ते खुशीत होते.

"हे मी साफ विसरलो होतो, भाऊ! बघ, आता स्वतःहून यायला लागलंय."

ते नमाजाला गेल्यावर मेधानं ओट्यावरचा तांब्या आणला आणि टेप लावली. उंची तीच. घेर तोच. गळा तोच. केसभर फरक नव्हता. त्या माणसाच्या हातांनी आमचा तांब्या तंतोतंत लक्षात ठेवला होता.

"राहू दे," मेधा म्हणाली. "एक नोंद. कोणाला कळणार आहे? आपला तांब्या काही कोणी चोरून विकायला काढणार नाही."

ती बरोबर बोलत होती. तिचं ऐकायला हवं होतं. किंवा मग सरळ उस्तादांना सांगायला हवं होतं. मी तिसरंच केलं, कागदी माणसाला शोभेल असं: ती नोंद गुपचूप काढून टाकली आणि पुढच्या वस्तूला चारशे बारा क्रमांक दिला. सगळ्यांचं समाधान होईल अशी युक्ती आपण केली, असं मला वाटलं. ज्या माणसानं सव्वीस वर्षं क्रमांक सांभाळले त्याच्या क्रमांकात मी हात घातला होता.

दुसऱ्याच शुक्रवारी त्यांनी यादी वर-खाली केली आणि विचारलं, "चारशे बारा कुठे आहे?"

"ही काय, चारशे बारा. नांगराचा फाळ."

"फाळ चारशे तेरा. चारशे बारा पाण्याचं भांडं."

मी काहीतरी पुटपुटलो, फाइल सेव्ह झाली नसेल वगैरे. ते माझ्याकडे बघत राहिले. मला मान वर करता येईना. तेव्हा मेधा उठली, आत गेली आणि तांब्या आणून त्यांच्यासमोर टीपॉयवर ठेवला.

उस्तादांनी तो दोन्ही हातांनी उचलला. डोळे मिटले. मी आजवर माणसं रडताना पाहिली आहेत, पण त्यांच्या चेहऱ्यावर रडण्याइतकंही काही राहिलं नाही. मग त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"आता मला सांग भाऊ," ते म्हणाले. "उरलेल्यातलं माझं कुठलं?"

"सगळंच, उस्ताद! एकच चूक आहे. एवढ्यात एक होणारच."

"ही तुझ्या घरची होती म्हणून तुला कळली. पुण्याच्या कोठीतली तुला कळली असती? कैरोत पाहिलेली?" ते थांबले. "मला कळली नाही. मला तर तिची म्हातारी दिसली. घेऊन येताना दिसली. तिचे पाय दिसले."



पुढच्या शुक्रवारी ते यादीचा प्रिंट घेऊन बसले. हात पुढे धरले नाहीत. पेन घेतलं आणि ज्या नोंदीची शपथ घेता येणार नाही ती खोडायला लागले. दुपारपर्यंत साठ-सत्तर गेल्या. त्याच्या पुढच्या शुक्रवारी आणखी. मेधानं पोहे केले होते, ते तसेच राहिले. घंटा गेल्या, पाट्या गेल्या, त्या म्हातारीच्या आजीचं मडकं गेलं. मी हात जोडले. "उस्ताद, निदान अर्धी तरी पाठवू."

"कुठली अर्धी?" त्यांनी विचारलं.

मग ते यायचे बंद झाले. वेअरहाऊसमध्ये भेटायचे, बोलायचे, माझ्यावर राग नव्हता त्यांचा. तो असता तर मला बरं वाटलं असतं. मुदत संपली. यादी गेली नाही. फॉर्मची मागची बाजूही आता कोरी यायला लागली. जोसेफ एकदा मला म्हणाला, "उस्ताद सुधर गया," आणि मी त्याला नको ते बोललो.

जखमेवर मीठ म्हणून की काय, त्यानंतर महिन्याभरात त्या विद्यार्थिनीनं फोटो पाठवला. परदेशात कुठेतरी एक मातीचा दिवा विक्रीला आला होता. त्याच्या बुडाचा फोटोही होता. क्रमांकाच्या जागी खरवडलेलं, आणि शेजारी अंगठ्याचा अर्धवट ठसा. तुमचा आहे का, एवढं एका ओळीत कळवा, लेखी, मी पुढचं बघते, असं तिनं लिहिलं होतं. जेवणाच्या सुट्टीत उस्तादांनी तो फोटो माझ्या फोनवर मोठा करून पाहिला.

"आमचा वाटतो," ते म्हणाले.

"तर मग कळवू! आत्ता कळवू! हा ठसा तुम्ही मला फोटो यायच्या आधी सांगितलाय, माझ्या फायलीत आहे. खरवडलेली जागासुद्धा बघा, उस्ताद!"

"वाटतो, म्हणालो मी. असे दिवे शंभर ठिकाणी निघतात. बुडाला ठसा असतोच कुंभाराचा. हा मी आमच्या कपाटात पाहिला, का पुण्याच्या कोठीत, का इथल्या म्युझियममध्ये? मला तिन्हीकडे दिसतो, भाऊ. तिन्हीकडे त्याच्यावर उजेड पडलेला दिसतो."

"अहो, पण तुमचाच असला तर?"

"आणि नसला तर? दुसऱ्या कोणाचा दिवा मी शपथेवर आपला म्हणू?"

उत्तर त्यांनी मलाच टाइप करायला लावलं. खात्री नाही. दोन शब्द. मी ते टाइप केले, सेंड दाबलं आणि जागेवर जाऊन बसलो. दिवा विकला गेला. कोणी घेतला, कुठे गेला, कोणाला माहीत नाही. तो त्यांचाच होता असं मला आजही वाटतं, आणि माझ्या वाटण्याला काडीची किंमत नाही. चारशे बारा मी काढली नसती तर ती यादी गेली असती. त्यात एक तांब्या आमचा असता आणि दिवा अडवला गेला असता. हे मी मेधाशीही फार बोलत नाही. तिनं सांगितलं होतं ना.

त्यांचं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढलं नाही. त्यांनी कोणाला विचारलंही नाही. बायको-मुलीकडे कैरोला जायचं ठरलं. विमानतळावर मी सोडायला गेलो. दुपार होती. चेक-इनच्या रांगेत त्यांच्यापुढे एक सुदानी कुटुंब होतं. त्यातली बाई, तिशी-पस्तिशीची, दोन-तीनदा वळून बघत होती. शेवटी तिनं विचारलंच.

"उस्ताद इद्रिस? म्युझियमवाले?"

ती त्यांच्या शहराची होती. शाळेतून त्यांना दर वर्षी तिथे न्यायचे. तिच्याबरोबर सहा-सात वर्षांची मुलगी होती, दोह्यातच जन्मलेली, आईचं शहर कधीही न बघितलेली. माझं अरबी एवढं समजण्यापुरतं आहे.

"हेच ते," बाई मुलीला सांगत होती. "यांचं म्युझियम होतं आपल्या शाळेजवळ. सांगा ना उस्ताद तिला, काय काय होतं तिथे."

मुलगी मान वर करून बघायला लागली. उस्ताद तिच्यापुढे वाकले. त्यांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता सांगतील. इथे कोण शपथ मागतंय? लहान पोर आहे, सांगा काहीतरी, घंटा सांगा, दिवा सांगा. मी मनातल्या मनात अक्षरशः गयावया करत होतो.

ते सरळ उभे राहिले आणि त्या बाईला म्हणाले, "तुला काय आठवतं?"

ती ओशाळून हसली. "खरं सांगू उस्ताद? वस्तू एकही नाही आठवत. उन्हातून चालत यायचो. आत आलं की चपला काढून फरशीवर पाय ठेवायचो. थंडगार असायची. तेवढंच."

"हो," उस्ताद म्हणाले. मग मुलीकडे बघून सावकाश, एकेक शब्द तपासून घ्यावा तसं म्हणाले, "फरशी होती. थंड होती."

"आणि?" मुलीनं विचारलं.

"बस," उस्ताद म्हणाले. रांग पुढे सरकली.